आत ओढणारा हात

दर्सितीने भावाचा सदरा मानेपर्यंत खेचला, पाठीवरच्या पट्टीच्या कडेशी नाक नेलं आणि हुंगलं. मग दुसऱ्या कडेला जाऊन परत हुंगलं.

तिचं उभं आयुष्य गुळाच्या काहिलीशी गेलेलं. नीरा ताजी आहे की उतरलीय, हे तिला झाकण काढायच्या आधी कळतं. आणि भावाच्या पाठीला उतरलेल्या नीरेचा वास येत होता.

"तार्सुन, पट्टी कधीपासून ओली आहे?"

"घाम आहे, यू," तो उशीत तोंड खुपसून बोलला. थोरल्या बहिणीला आमच्या डोंगरात यू म्हणतात.

"तुझा घाम मला शिकवू नको. तुझे लंगोट धुतलेत मी."

"मग आता कशाला हुंगतेस? तेव्हा मन भरलं नाही का?"

एरवी ती हसली असती. पण सदरा आणखी वर गेला आणि तिला पट्टे दिसले. लाल, मधे मधे जांभळे. कण्याच्या दोन्ही अंगांना तिरके, माशाच्या काट्यासारखे. कोणीतरी बाम चोळून पाठीवर नाणं ओढलं होतं. अंगात वारा शिरला, थंडी वाजली, अंग मोडून आलं की आमच्याकडे आधी नाणं निघतं, बाकीचं मग. त्यात नवल काही नाही. पण ह्या पाठीत डॉक्टरांनी बसवलेल्या दोन सळ्या होत्या, त्यांचे स्क्रू होते, वर टाक्यांची लांब रेघ होती. आणि पट्ट्यांची टोकं थेट त्या रेघेला जाऊन भिडली होती.

"कोणी ओढलं नाणं?"

तार्सुनने तोंड उशीत आणखी खुपसलं.

"रसिवेन!"

भावजय दारातच उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. "मला नाही माहीत, यू."

"ह्याच्या शेजारी तू झोपतेस आणि तुलाच माहीत नाही?"

"भुताने ओढलं असेल," तार्सुन उशीतून म्हणाला. "माडावरून ढकललं ना मला, त्याच भुताने. वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला."

"आणि भुताला बाम कोणी दिला?"

तार्सुनने सदरा परत खाली ओढला.

गावात दर्सितीला पोलीस म्हणतात. मागून म्हणतात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. गूळ न्यायला दलाल आला की ती त्याचा तराजू आधी रिकामा धरून बघते. कोंबडी अंडी द्यायची थांबली की शेजारणीच्या चुलीकडे डोकावते. लग्नाला गेली तर वाढप्याच्या हातावर नजर ठेवून जेवते. लोक हसतात. हसू देत. आई गेली तेव्हा तार्सुन रांगत होता, आणि बापाने दुसरीकडे घर मांडलं ते परत तोंड दाखवलं नाही. अख्ख्या जगावर डोळे वटारून तिने एक पोर मोठं केलं. हसणाऱ्यांनी आधी तेवढं करून दाखवावं, मग दात काढावेत. तिने लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या प्रत्येकात तिला काहीतरी खोट दिसली. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांत होतीच.

तार्सुन माड छेदायचा. पहाटे चढायचं, पोयीचं, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक कोयतीने पातळ कापायचं, नीरेने भरलेलं बांबूचं नळकांडं सोडायचं, रिकामं बांधायचं, उतरायचं, पुढचा माड. संध्याकाळी परत तेच. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त मिकुन शेजारच्या माडांवर. एका सकाळी बुंध्यावरच्या खाचेतून तार्सुनचा पाय सुटला आणि तो बसल्यासारखा खाली आला. कण्याचं हाड चिरडलं. पाय गेले, असं सगळ्यांनी धरलंच होतं. शहरातल्या इस्पितळात पाठ उघडून सळ्या घातल्या आणि पायाची बोटं हलली. मग घोटे हलले. घरी आला तेव्हा कमरेला पट्टा आवळून, दोन आडव्या बांबूंना धरून, तो अंगणात पावलं टाकायला लागला. बायका रडल्या. दर्सिती रडली नाही. तिने त्याची कोयती आढ्यात खोचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या घरातलं माणूस आता माडावर चढणार नाही. चढलेलं दिसलं तर मी स्वतः पाय धरून खाली ओढीन."

तार्सुनचे माड मिकुन छेदेल, नीरा दर्सितीच्या काहिलीत येईल, असं ठरलं. मिकुनवर तिचा विश्वास होता असं नाही. दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळं होऊन दोन महिनेही झाले नव्हते. आणि आता ही पाठ.

शेजाऱ्याच्या भाजीच्या गाडीत गादी टाकून त्याला शहरात नेलं. डॉक्टरबाई लांबच्या सुराबाया शहरातल्या, वयाने तरुण, जिभेने तिखट. त्यांनी पट्टी काढली आणि टाक्यांच्या खालच्या टोकाशी बोटाने दाबलं. आधी पिवळट पाणी आलं, मग घट्ट. तार्सुनने गादीची कड मुठीत धरली.

"हे पट्टे कोणाचे?"

दर्सितीने बरोबर आलेल्या रसिवेनकडे बघितलं, रसिवेनने छताकडे.

"अच्छा. छताने ओढले." डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "ताप कधीपासून येतोय?"

"कालपासून," तार्सुन म्हणाला.

फार पटकन म्हणाला. दर्सितीने ते पकडलं. डॉक्टरबाईंनीही पकडलं.

"जखम आतून पिकलीय. परत उघडून धुवावी लागेल. पार सळ्यांपर्यंत."

"परत फाडणार?" दर्सिती पुढे झाली. "तुमच्या सळ्याच जुन्या असणार. दुसऱ्या कोणाच्या पाठीतल्या."

"सळ्या नव्या होत्या, बाई."

"नव्या होत्या तर गंजल्या कशा?"

"गंज नाही, पू आहे. ह्या धातूला गंज चढत नाही."

"दलालपण असंच म्हणतो. गोणी उघडली की भुसा."

रसिवेनने तिचा दंड धरला. तिने झटकला. डॉक्टरबाई चिडतील असं वाटलं होतं. त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

"तुम्ही काय करता?"

"गूळ."

"काहील एक दिवस घासायची राहिली तर?"

"पाणी मारलं की निघते. का?"

"आणि महिनाभर राहिली तर?"

"मग खापरी धरते. तासावी लागते. नाहीतर फेकूनच द्या."

"ह्या सळ्यांचं तसंच आहे. जंतू धातूवर बसतात आणि थर धरतात. रक्तातून दिलेलं औषध त्या थराखाली पोचत नाही. थर कोवळा असेल तर मी धुऊन काढते, सळ्या जागेवर राहतात. जुना झाला असेल तर सळ्याच काढायची पाळी येऊ शकते. आणि त्याचं हाड अजून जुळलेलं नाही. आधार गेला तर कणा खचेल. मग पाय…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "म्हणून मला चोर नकोय. मला दिवस हवाय. खरा ताप कधी आला, ते सांगा."

"काल," तार्सुन परत म्हणाला. आता भिंतीकडे बघून.

दर्सितीने भावाच्या मानेकडे बघितलं. लहानपणी खोटं बोलला की त्याची मान अशीच आखडायची.

"तुम्हाला दिवस हवा, मला माणूस हवा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "ह्याच्या पाठीत घाण कोणी घातली ते कळल्याशिवाय मी ही पाठ उघडू देणार नाही. ज्याने एकदा नासवली तो परत नासवेल. तुमचा माणूस असो, नाहीतर माझ्या घरातला."

"सही बायकोची लागते. तुमची नाही."

डॉक्टरबाईंनी रसिवेनकडे बघितलं. रसिवेनने दर्सितीकडे बघितलं आणि हात सारोंगच्या निऱ्यांत लपवले.

"मी सलाईनमधून औषध चालू करते," डॉक्टरबाई उठल्या. "पण आज संध्याकाळी मला ऑपरेशनचं टेबल मोकळं मिळतंय. उद्या धुवायचं म्हणजे आजच्यापेक्षा कठीण. जा, शोधा तुमचा माणूस. लवकर शोधा."

भाजीच्या गाडीतूनच दर्सिती गावात परतली, रिकाम्या टोपल्यांमधे बसून. वाटेत तिने सगळ्यांना एकेक करून तपासलं. रसिवेन? नाणं ओढायला मनगटात जोर लागतो. ही तर काहिलीतला झारासुद्धा दोन्ही हातांनी धरते, तळव्यांना चिरा पडल्यात म्हणून. सरपण तोडून पडल्या म्हणते. सरपणाला इतक्या पहाटे कोण जातं? आणि परत येते ती मिकुनच्याच वाटेने, त्याच्या मागून थोडं अंतर ठेवून. दर्सितीने ते दोनदा बघितलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. भावाची पाठ आधी नीट होऊ दे, मग ह्या दोघांकडे बघते, असं तिचं ठरलेलं.

ती आधी निनी कासेमकडे गेली. आजीच ती सगळ्या गावाची. गावातल्या अर्ध्या पाठी तिच्या नाण्याखालून गेलेल्या. डचांच्या काळातलं तांब्याचं जाडजूड नाणं, कडा झिजून लोण्यासारख्या झालेल्या. म्हातारी पायरीवर बसून विडा कुटत होती.

"निनी, माझ्या भावाच्या पाठीला तू हात लावलास?"

"आली पोलीस. बस, पाणी पी, मग बेड्या घाल."

"लावलास की नाही?"

"मला काय वेड लागलंय? त्या पोराच्या पाठीत लोखंड आहे. माझं नाणं त्याच्यावर आपटलं तर वाजेल नुसतं."

दर्सितीने चुलीतला कोळसा घेतला आणि पायरीवरच पट्टे काढून दाखवले. मधे टाक्यांची रेघ, बाजूला तिरके फटकारे. बाहेरच्या बाजूला अलगद सुरू झालेले, आत रेघेपाशी आले की दाट. म्हातारी वाकली. विडा कुटायची थांबली.

"असं? बाहेरून आत?"

"असंच."

"मग मी नाही. मी कण्यापासून बाहेर ओढते. वारा घराबाहेर काढायचा असतो की आत घ्यायचा असतो?"

"तू म्हातारी झालीस, विसरली असशील."

"तुला बघायला आलेले सगळे नवरे मला नावानिशी आठवतात. म्हणून दाखवू?"

"राहू दे."

"राहू देते." कासेमने कोळशाच्या रेघांवर बोट फिरवलं. "आत ओढणारा हात एकच, दर्सिती. माडावरचा. पोय कापताना कोयती आपल्याकडेच ओढावी लागते. बाहेर झटकली की तोल जाऊन माणूसच खाली. मग त्या हाताला दुसरं वळणच उरत नाही. माझ्या म्हाताऱ्याला माड सोडून किती वर्षं झाली होती, तरी तो पपई कापायची तर छातीकडेच कापायचा. सदऱ्यावर सगळा रस."

पुढचं दर्सितीने ऐकलंच नाही. ती माडांच्या वाटेला लागली होती.

बागेत शिरताना तिला आधी माश्यांचा आवाज आला. तार्सुनच्या अर्ध्या माडांवरची नळकांडी उतू चालली होती. नीरा बुंध्यावरून ओघळत होती, मुंग्यांच्या रांगा लागलेल्या. बाकीच्या माडांवर नीट रिकामी नळकांडी बांधलेली. मिकुन वर होता.

"खाली ये!"

"हा एवढा माड होऊ दे, यू."

"एवढा माड? अर्धी बाग राहिलीय! रोज भरून आणतोस, आजच काय हात मोडले?"

"आज एकटाच आहे ना."

"एकटा रोजच असतोस!"

मग तो हळूहळू उतरला. बारका, काळा, कायम कान खाजवणारा माणूस. खाली येऊन कान खाजवत उभा राहिला.

"नाणं कुठंय?" दर्सितीने विचारलं.

"कुठलं नाणं?"

"माझ्याशी शहाणपणा नको. तार्सुनच्या पाठीवर आत ओढलेले पट्टे आहेत. माडावरच्या हाताचे. ह्या बागेत माडावरचा हात आता एकच उरलाय."

मिकुनने तिच्याकडे बघितलं. मग वर, उतू जाणाऱ्या नळकांड्यांकडे. मग परत तिच्याकडे. तेवढ्यात दर्सितीच्या मनाने त्याला फासावर चढवलं.

"हो," तो म्हणाला. "माझेच."

तिने पायाशी पडलेलं भरलं नळकांडं उचललं आणि अख्खी नीरा त्याच्या अंगावर फेकली. मग रिकामं नळकांडं फेकलं. ते खांद्याला लागलं. तो हलला नाही. डोळ्यांवरून नीरा पुसली, एवढंच.

"कोणी सांगितलं होतं तुला? कोणाचे माड हवेत तुला? का माडांबरोबर अजून काही हवंय?"

"यू, तोंड सांभाळ."

"मी सांभाळू?"

"मला हवं ते म्हण. तिला नको." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ऐक आधी. ताप कालचा नाही. ताप पोनपासून आहे."

मारायला उचललेला दर्सितीचा हात वरच राहिला. पोन म्हणजे आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला बाजाराचा दिवस.

"त्या दिवसापासून पट्टी ओलावतेय. त्याने सगळ्यांना शपथ घातली, यूला सांगायचं नाही. इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याच्या पाठीतलं लोखंड काढावं लागलं, तो परत उठून बसला नाही म्हणे. तार्सुनने तेच धरलंय. तुला कळलं की तू डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर लोखंड काढणार. काल रात्री हुडहुडी भरली तेव्हा रडायला लागला, वारा शिरलाय, नाणं ओढा, नाणं ओढा. म्हणून… ओढलं. ओढायला नको होतं. मार मला. पण आधी डॉक्टरला पोन सांग."

"नाणं दाखव."

"हरवलं."

"खोटं बोलणाऱ्याचं नाणं नेहमी हरवतं," ती म्हणाली. पण ती त्याच्या मोटरसायकलकडे चालायला लागली होती. "चल. तुझ्या तोंडानेच सांग. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी कोणावर ठेवत नाही."

ती त्याच्या मागे बसली, पण त्याला धरलं नाही. शहरापर्यंत दोन्ही हातांनी सीटची मागची कड पकडून, नीरेने चिकट झालेल्या त्याच्या पाठीकडे टक लावून बसली.

डॉक्टरबाई जेवायला बसल्या होत्या. मिकुनने दारातूनच सांगितलं, "पोन."

"काय पोन?"

"ताप. पोनपासून."

"पोन दर पाच दिवसांनी येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या सुराबायाच्या असल्या तरी एवढं त्यांनाही ठाऊक होतं. "कुठला पोन?"

"परवाचा नाही. त्याच्या आधीचा. मशिदीचा भोंगा जळाला त्या दिवशीचा."

"मी काय तुमच्या मशिदीत राहते?" त्यांनी बोटांवर मोजलं. मग डबा झाकला आणि उठल्या. "म्हणजे आठवडाभर. बरं झालं सांगितलंत. थर अजून कोवळा असेल. आत्ता धुते. सही?"

सगळे दर्सितीकडे बघायला लागले. तिला माणूस सापडला होता. समोरच उभा होता, कान खाजवत. आता पाठ अडवून ठेवायला तिच्याकडे कारण उरलं नव्हतं. तरी तिने डॉक्टरबाईंना विचारलंच, "हात धुणार ना?"

"दोनदा."

"मी बघू?"

"नाही."

"बरं," दर्सिती म्हणाली. "रसिवेन, कर सही."

रसिवेनने पेन घेतलं. सही करायच्या आधी तिने मिकुनकडे बघितलं, तोंड उघडलं. मिकुनने मान हलवली, एवढीशीच, नाही म्हणून. तिने तोंड मिटलं आणि सही केली. दर्सितीने ते बघितलं. ते पण पोटात गेलं.

पाठ उघडली, धुतली, बंद केली. मग परत एकदा उघडून धुतली. स्क्रू घट्ट होते. सळ्या जागेवर राहिल्या. तार्सुनला कितीतरी आठवडे औषधावर ठेवलं. दर्सिती रोज भाजीच्या गाडीने मरळ माशाचं कालवण न्यायची, जखम भरायला मरळीसारखं काही नाही म्हणून. आणि खाटेशेजारी बसून नर्सच्या हातांकडे बघायची. नर्सेस तिला घाबरून खरंच जास्त वेळा हात धुवायला लागल्या, असं तार्सुन म्हणतो.

पू तपासायला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी दर्सितीला बोलावून घेतलं. सापडलेला जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतो, नाकात असतो. बहुतेक त्याचा त्याच्याच अंगावरचा.

"म्हणजे ह्याचा ह्यालाच?"

"बहुतेक. नक्की कोणालाच सांगता येत नाही."

"मग मी धरू कोणाला?"

"कोणालाच नाही, बाई."

"असं कसं? काहीतरी झालं म्हणजे कोणीतरी केलं."

"नाण्यानेही नाही झालं. ताप आधी आला, पट्टे नंतर. टाक्यांजवळ पुन्हा कोणी नाणं ओढू नका, बाम चोळू नका, ते वाईटच. पण खरं नुकसान लपवण्याने होणार होतं." त्यांनी खाटेकडे बघितलं. "ते ह्यांनी केलं."

"ऐकलंस?" दर्सितीने भावाच्या डोक्यात टपली मारली.

"यू, पाठ!"

"डोकं आहे ते. त्यात लोखंड घातलेलं नाही. घालायला हवं होतं."

तार्सुन आता काठी घेऊन चालतो. लांब नाही, पण मशिदीपर्यंत जातो, आणि येताना कोणाच्याही ओट्यावर बसून गप्पा छाटतो. काहिलीतला गूळ करवंट्यांत ओतायचं काम त्याचं. सांडतो, शिव्या खातो.

मिकुनला मात्र दर्सितीने अंगणात पाय ठेवू दिला नाही. डॉक्टरबाई काहीही म्हणोत, ज्या हाताने ती पाठ ओरबाडली तो हात तिला घरात नको होता. मिकुन नळकांडी फाटकापाशी ठेवायचा, रिकामी घेऊन जायचा. पावसात उभा असला तरी ती आत बोलवायची नाही. एकदा तिने आढ्यातली कोयती लोहाराला द्यायला म्हणून काढली. पातं चकचकीत, धार ताजी, गंजाचा ठिपका नाही. तेही मिकुनच्याच नावावर जमा झालं. चोर आहे तो, आमचीच कोयती वापरतो आणि परत खोचून ठेवतो. मिकुनने त्यावरही कान खाजवला. लोकांनी त्याला विचारलं, असा कसा ऐकून घेतोस? तो म्हणायचा, "तिचा भाऊ आहे. बोलू दे."

असं वर्ष गेलं, वरून आणखी काही गेलं. मग तार्सुनच्या घरी मुलगी झाली आणि नाव ठेवायच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली. मेंदोआन तळायला घेतलेलं, टेंप्याचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप पिठात बुडवून तेलात नुसते दाखवायचे आणि काढायचे, कच्चट असतानाच. निनी कासेम भिंतीला टेकून हुकूम सोडत होती. पपया कापायच्या होत्या. रसिवेन एक घेऊन खाली बसली, मांडीवर धरली आणि सुरी फिरवली.

छातीकडे. एक फोड, दुसरी फोड. पातळ, एकसारख्या. रस तिच्या झग्यावर ओघळत होता.

दर्सितीच्या हातात झारा होता. तो तसाच राहिला. तेलातलं मेंदोआन तपकिरी झालं, मग काळं झालं. कासेमने तिच्याकडे बघितलं, रसिवेनच्या हाताकडे बघितलं आणि तोंडातला विडा दुसऱ्या गालात सरकवला.

"जळलं गं, पोलीस," ती म्हणाली.

दर्सितीने जळलेले काप काढले. नवे घातले, नीट तळले, केळीच्या पानावर रचले, वर हिरव्या मिरच्या ठेवल्या. मग ओसरीभर बायका बघत असताना ते पान घेऊन स्वतः फाटकापर्यंत गेली. मिकुन बाहेर नळकांडी ठेवत होता.

"आत येऊन खा," ती म्हणाली. "उभ्याने खाल्लं की वारा शिरतो."

तिने कोणाला काही विचारलं नाही. तिने काही विचारलं नाही असं आयुष्यात हे एकदाच.

बाकीचं रसिवेनने स्वतः सांगितलं, पण ते त्याच्याही फार नंतर. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून वरच्या वाडीत त्याने तिलाच लहानपणी माडावर चढवलं होतं. तार्सुन इस्पितळातून घरी आला त्याच्या पुढच्याच पहाटेपासून त्याचे अर्धे माड ती छेदत होती, आढ्यातल्या त्याच कोयतीने, आणि मिकुन बुंध्याशी पहारा करायचा. त्या रात्री तार्सुनच्या पाठीला मिकुनने बोटही लावलं नव्हतं. आणि नाणं हरवलेलं नव्हतं. तिने सही केली तेव्हा ते तिच्या कनवटीला होतं.